पागेतला मामा

म्हैसूर शहरात प्रत्येक माणसाला बसायला जागा मिळालीच पाहिजे, असं मनापासून वाटणारा एकच मनुष्य होऊन गेला, आणि तो माझा मामा होता. उभा माणूस त्याला बघवतच नसे. रस्त्यात कुणी नुसतं झाडाला टेकून उभं दिसलं तरी हा जवळ जाई, "बसा की, कुत्कोळ्ळी," असं मराठीत आणि कानडीत एकदमच म्हणे, आणि बसायला काही नसलं तर आपली औषधांची पेटी पुढे सरकवी. त्या पेटीवर म्हैसूरचे भिकारी बसले, जटके हाकणारे टांगेवाले बसले, तुरुंगातून सुटून घराकडे न जाता शहरभर फिरणारी माणसं बसली, आणि एकदा एक पोलीस शिपाईही बसला. तो मामाला हाकलायला आला होता. जाताना आपल्या गुडघ्याला लेप लावून गेला.

मामा मूळचा राजवाड्याच्या पागेतला सलोतरी, म्हणजे घोड्यांचा वैद्य. आमचे पूर्वज मराठी शिलेदार. लढाया संपल्या आणि आमच्या घरांतून तलवारी गेल्या, पण घोडे राहिले. त्यातल्याच एका घोड्यानं मामाला लाथ मारली आणि तो मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पडून होता. तिथल्या एक म्हाताऱ्या बाई रोज संध्याकाळी रोग्यांना येसूस्वामींची गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवत. गोष्ट अर्धी झाली आणि मामाला घरी सोडलं. पुढं काय झालं ते कळेना म्हणून तो परत परत जात राहिला, आणि शेवट ऐकून झाल्यावर तो ख्रिस्ती झाला. एवढं सरळ होतं ते. घरच्यांना मात्र ते इतकं सरळ वाटलं नाही. माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिनं त्या दिवसापासून त्याचं नाव घेणं सोडलं.

पुढे मामाला मिशनच्या मोठ्या देवळातूनही निघावं लागलं. एका रविवारी त्यानं रंगम्माला नेऊन पहिल्या बाकावर बसवलं. रंगम्मा पूर्वी देवदासी म्हणून देवळात नाचत असे. वय झालं, खोकला लागला, आणि तिला विचारणारं कुणी उरलं नाही. पहिल्या बाकावरची सभ्य कुटुंबं उठून मागे गेली. मागच्या बाकावर मामानं आधीच दोन दारुडे बसवून ठेवले होते, त्यामुळे सभ्य कुटुंबांना कुठंच बसता येईना. पाद्रीसाहेबांनी मामाला बोलावून घेतलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मामाला राग आला नाही. "त्यांचं देऊळ लहान आहे ग, ते तरी काय करतील?" असं तो पुढे कित्येक वर्षं सहानुभूतीनं सांगत असे. ते देऊळ त्या वेळी अर्ध्या म्हैसुरातून दिसायचं.

मग नजरबाद मोहल्ल्यात एका म्हाताऱ्या रिसालदारांची पागा रिकामी पडली होती, ती त्यानं मागून घेतली. लोक त्याला 'कुदुरे पाद्री', म्हणजे घोडेपाद्री, म्हणायला लागले ते तेव्हापासून. आता डोळे मिटले तरी ती पागा मला दिसते. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या तिरप्या खाली यायच्या, त्यांत गवताची धूळ हळूहळू फिरायची, आणि कुठून तरी संपिग्याच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, फुलांचा वास येऊन जुन्या लिदीच्या वासात मिसळायचा. माणसं दगडी गव्हाणींच्या काठावर बसत. भजनाला प्रत्येकजण आपापली भाषा घेऊन येई, कानडी, तमिळ, दखनी आणि आमची मराठी. चाल मात्र मामाची, आणि ती लहानपणी ऐकलेल्या गोंधळाची. अर्थ कुणालाच पुरता लागत नसे. पण सगळे एकदम थांबत, तेव्हा छपराखालचे पारवेसुद्धा क्षणभर गप्प राहत.

घंटा वाजवायचं काम दासप्पाकडे होतं. तो ठार बहिरा. खांद्याला हात लावला की थांबायचं, एवढंच त्याला माहीत. एका रविवारी मामानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि दासप्पाला हात लावायचा राहिलाच. सबंध प्रार्थना, मग सबंध उपदेश मामानं त्या घणघणाटावर ओरडून पार पाडला. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "आज देवाला नक्की ऐकू गेलं." नाहीतर त्याचे उपदेश फार लांबत नसत. कारण बाहेरून एखादी गाडी जाताना घोड्याचं एक पाऊल जरी चुकीचं वाजलं तरी मामा वाक्य अर्ध्यावर टाकून रस्त्यावर धावत सुटे. खूर बघून, खडा काढून परत आला की, "कुठं होतो आपण?" असं विचारी. आम्ही सांगू तिथून तो पुढे चालू करी, आणि आम्ही कधीकधी मुद्दाम शेवटच सांगत असू.

मी तिथं कशी गेले ते सांगायला हवं. सोळाव्या वर्षी माझ्या ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा डाग उमटला आणि वर्षाच्या आत तो गालावर चढला. कोड. ठरलेलं लग्न मोडलं. पाहुणे आले की मला मागच्या खोलीत जावं लागे. पुढे पुढे कुणी सांगायचीही गरज उरली नाही, दारात चपला वाजल्या की मी आपणच आत जात असे. एका दुपारी मी परसात पापड वाळत घालत होते. भिंतीवरून एक टोपी वर आली आणि तिच्याखाली मामाचं तोंड.

"तोंडावरचा पदर काढ ग," तो म्हणाला.

कोण जाणे का, मी काढला. मामानं डोकं एकदा डावीकडे कलवलं, एकदा उजवीकडे. दात दाखव म्हणाला, दात बघितले. मग त्यानं जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज काढला. चांगलं जनावर दिसलं की तो तसा आवाज काढत असे.

"अबलख!" तो म्हणाला. "अग, अशी पांढऱ्या पट्ट्यांची अबलख घोडी दसऱ्याच्या स्वारीत सगळ्यांच्या पुढं चालते. तुला मागच्या खोलीत कुणी बांधलं? वाचता येतं का?"

"येतं."

"मला नीट येत नाही. अक्षरं हलतात. रविवारी ये आणि वाचून दाखव."

सहा महिन्यांत माझ्या तोंडाकडे सरळ बघणारा तो पहिला माणूस. मी गेले. मामानं मला ख्रिस्ती हो असं कधी म्हटलं नाही, आणि मी झालेही नाही. मी वाचायची, तो ऐकायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा "मग? पुढं?" म्हणायचा. आईला सगळं ठाऊक होतं. पण रविवारी सकाळी ती मोठ्यानं, "मी जरा आडवी होते," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मी दार लोटून बाहेर पडले की मग उठायची. पागेत मी तोंडावर पदर घेत नसे. तिथं कुणाकडेच झाकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग दादाचं लग्न निघालं. दादा माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत कारकून, स्वभावानं चांगला पण लोक काय म्हणतील या काळजीनं सदा वाळलेला. मुलगी श्रीरंगपट्टणची, दादाला मनापासून आवडलेली. मुलीचे वडील एका रविवारी आमचं घर बघायला येणार होते. आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्या दिवशी तू तिकडंच रहा. संध्याकाळपर्यंत."

त्या रविवारी मी वाचत होते आणि बाहेरून टांगा आला. टक, टक, टक, आणि चौथं पाऊल बोथट. मामा उठून धावला. त्यानं टांगा थांबवला, घोडीचा पाय मांडीवर घेतला, आणि टांग्यातल्या गृहस्थांना, "खूर दुखावलाय, जरा वेळ लागेल, बसा की," म्हणत स्वतःची पेटी दिली. गृहस्थ सावध होते. बसल्या बसल्या त्यांनी चौकशी सुरू केली. आमच्याच घराचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, त्या घरात काही खोट आहे का?

"खोट?" मामानं विचार केला. "एक आहे. त्या घरातल्या बाईंचा एक भाऊ बाटला."

"असं? कुठं असतो तो?"

"हा काय, मीच."

गृहस्थ पेटीच्या अगदी कडेला सरकले. "आणखी काही?"

"आणखी काही नाही. माणसं सोन्यासारखी. आणि त्यांची मुलगी तर..." मामाचा चेहरा फुलला. "थांबा, दाखवतोच. अग ए अबलखे, बाहेर ये!"

मी आले. उन्हात, उघड्या तोंडानं. मला वाटलं घोडीला पाणी हवंय. गृहस्थांनी मला पाहिलं, हात जोडले, टांग्यात बसले आणि टांगा आला तसा श्रीरंगपट्टणाकडे वळवला. आमच्या घरापर्यंत ते पोचलेच नाहीत. मामा मात्र रस्त्याच्या मधोमध उभा राहून घोडीच्या पायांकडे बघत होता. "नोडु, नोडु, बघ तरी कशी नीट चालतेय!" तो म्हणाला. इतका आनंदलेला होता की मला त्याला सांगवेना. शेवटी रंगम्मानं सांगितलं. मामा तिथंच खाली बसला.

घरी काय झालं ते मी फारसं सांगत नाही. दादा ओरडला नाही, नुसता जेवायचा थांबला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी पुन्हा मागच्या खोलीत गेले, आणि या वेळी बाहेरून कडी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोळातून रस्ता दिसेल अशा कडेच्या खिडकीतून बघते तो समोर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर मामा बसलेला. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. हाक मारली नाही. ऊन उतरल्यावर उठून गेला. तिसऱ्या दिवशीही आला, चौथ्याही. एक दिवस दासप्पा त्याच्या शेजारी येऊन बसला, एक दिवस रंगम्मा खोकत खोकत. पुढे पुढे पागेतली निम्मी माणसं त्या कठड्यावर ओळीनं बसायला लागली, कुठल्याशा न येणाऱ्या स्वारीची वाट बघत असल्यासारखी. गल्लीतले लोक दारं लावून घेऊन फटीतून बघत. दादा मागच्या दारानं कचेरीला जायला लागला.

नवव्या दिवशी आई उठली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"एवढं एक खोटं बोलता आलं नाही तुला?"

"अक्का, सुचलं असतं तर बोललो असतो ग," मामा म्हणाला. "देवाशप्पथ. सुचलंच नाही."

आईनं तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं मला खिडकीतून वाटलं, पण ती हसत होती. "लहानपणीही सुचत नव्हतं," ती म्हणाली. "मी चोरून गूळ द्यायची आणि तू आईपुढं जाऊन, गूळ फार छान आहे, म्हणून सांगायचास."

"माझं काय करायचं ते कर अक्का. पोरीला कोंडू नकोस. ती माझ्यामुळं बाहेर आली होती."

"ऊन किती आहे," आई म्हणाली. "घरात ये."

"घरात? मी?"

"माझं घर आहे."

तो ओट्यापर्यंत आला, त्याच्या पुढे काही केल्या येईना. आईनं घरातल्या तांब्याभांड्यातून पाणी आणून त्याच्या हातात दिलं. तो ते इतकं हळूहळू प्यायला की जणू संपलं की उठावं लागेल. आईनं माझ्या खोलीची कडी काढली तेव्हा भांडं अजून त्याच्या हातातच होतं.

ते स्थळ काही परत आलं नाही. दादाचं लग्न दोन वर्षांनी बंगळूरच्या मुलीशी झालं, चांगलं झालं, पण मामाशी तो बोलला नाही. वहिनी मात्र पहिल्याच महिन्यात पागेत लोणच्याची बरणी देऊन आली.

मग ती तापाची मोठी साथ आली. घरोघर माणसं निजलेली, आणि ज्यांना घरच नव्हतं त्यांना मामानं पागेत आणून गवतावर निजवलं. घोड्यांना देतात तशी कोंड्याची पातळ पेज तो सगळ्यांना पाजी, कपाळाऐवजी मान चाचपून ताप बघे, आणि माणूस बरा वाटला की पाठीवर थाप मारी. बरेचजण उठले. दासप्पा उठला. रंगम्मा गेली, तिचं डोकं मामाच्या मांडीवर होतं. मी आणि आई पाणी तापवून देत असू. एका सकाळी मामानं मला वाचायला बसवलं आणि स्वतः गव्हाणीला टेकला. मी वाचत गेले. बाहेर धुकं होतं, चामुंडीचा डोंगर दिसत नव्हता, जटक्यांचे आवाज फार लांबून, कापसातून आल्यासारखे येत होते. "मग? पुढं?" असं तो म्हणाला नाही म्हणून मी वर पाहिलं.

त्याला न्यायला माणसं कमी नव्हती, पण साथीतून उठलेली, अशक्त. कोपऱ्यावर तिरडी डगमगली तेव्हा कुणीतरी गर्दीतून येऊन पुढचा खांदा दिला. तो दादा होता. कचेरीचा कोट घातलेला, पायांत जोडे नाहीत. सबंध वाटेत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

घरी आल्यावर आई आंघोळ करून कोपऱ्यात वेगळी बसली. तिनं स्वयंपाकघराला हात लावला नाही, देवाला फूल वाहिलं नाही. शेजारीण हळद मागायला आली ती उंबऱ्यातच थांबली. ख्रिस्ती झालेल्या माणसाचं सुतक आमच्यात कुणी धरत नसे, म्हणून तिच्या काही ध्यानात येईना.

"सुतक? कुणाचं हो?" तिनं विचारलं.

आई एरवी फार हळू बोलायची. पण त्या वेळी तिनं मान वर केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाचं." मग पुन्हा आपल्या हातांकडे बघत, अगदी हळू, "एकच होता."