लुगड्याच्या गाठीखालची जखम

पट्टी सोडवली आणि मी तोंड बाजूला फिरवलं. वासामुळे नाही, वासाची आता सवय झालीय. आजींना माझा चेहरा दिसू नये म्हणून. जखमेची कड फुलकोबीसारखी वर आली होती. मागच्या खेपेला ती तशी नव्हती.

"काहून चूप झाली वं?" आजी म्हणाल्या. "मले दिसत नाई, पण समजते."

दिग्रसला डॉक्टर मॅडमच्या स्किनच्या दवाखान्यात मी ड्रेसिंगचं काम करते. मूळची सांगोल्याकडची. नववीत शाळा सुटली. नवरा इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, म्हणून एवढ्या लांब आले. मॅडमनी हाताला धरून काम शिकवलं, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. तरी धाकधूक जात नाही. आपल्या हातून काही बिघडलं तर, असं रोज वाटतं. त्यात कापसाच्या सीझनला दवाखान्यात इतकी गर्दी, की संध्याकाळी पाय आपले वाटत नाहीत.

आजी जवळच्याच गावच्या. स्वतःची शेती, घरचं बरं. जन्मभर नऊवारी लुगडं, आत परकर नाही. सगळा भार कमरेच्या एका गाठीवर. जखम बरोबर त्या गाठीखाली. आधी नुसता काळा पट्टा होता, मग खाज, मग भेग. मलम लावलं की भरायची, पुन्हा फुटायची. कित्येक वर्षं असंच चाललेलं. आमच्याकडे आल्या तेव्हा ती भरायचीच बंद झाली होती.

मॅडम दर वेळी सांगायच्या, "आजी, गाठ सैल बांधा." आजी मान डोलवायच्या. मी स्वच्छ पट्टी करायचे, आणि पडद्यामागे आजी तिच्यावरच करकचून गाठ मारायच्या. पुढच्या खेपेला पट्टीवर गाठीचा ठसा, आणि ती ओली. मी रागवायचे.

कड वर आलेली दिसली त्या दिवशी सून बरोबर होती. तिनं सांगून टाकलं. "मॅडम, आत्याबाई अजून कापूस वेचाले जाते. आयकतच नाई."

वेचणाऱ्या बाया कमरेला कापडाची झोळी बांधतात. कापूस काढायचा, झोळीत टाकायचा. झोळी भरत जाते तसं तिचं ओझं कमरेला ओढत राहतं. इथे ते त्या जखमेलाच ओढत होतं.

"मंग काय करू?" आजी माझ्याकडे वळल्या. "सैल लुगड्यानं येक ओळ वेचून दाखव मले. झोळीसंगं लुगडंबी खाली येईन."

सून हसली. मॅडम हसल्या नाहीत. हातमोजे घालून त्यांनी जखमेची कड दाबून पाहिली, मग जांघ चाचपली. "कडेचा तुकडा घ्यावा लागेल." तुकडा म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा बारीकसा भाग काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

"नाई," आजी म्हणाल्या. "सुई लावली का गाठ चिडते म्हणते लोकं. चिडली का पसरते."

"तुकड्यानं पसरत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. " ती आधीच चिडलीय. आपण फक्त तिचं नाव विचारतोय."

आजींनी माझ्याकडे हात पुढे केला. मग मला म्हणाल्या, "हात धर." मी धरला. मॅडमनी तुकडा काढला.

रिपोर्ट आला. कॅन्सर. कातडीचा.

मला वाटायचं, कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, उन्हात बसून. मॅडम म्हणाल्या, ऊन हे एक कारण आहेच. पण भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, हीपण कारणं आहेत. एकाच जागी घासून जखम होते, भरते, पुन्हा होते. अशा जागी क्वचित पेशी ताळ सोडून वाढायला लागतात. काळा पट्टा तर पुष्कळ बायांना असतो, तेवढ्यानं कॅन्सर होत नाही. न भरणारी जखम मात्र दाखवायलाच हवी.

मॅडमनी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. "जांघेत अजून गाठ लागत नाही. कॅन्सर तिथवर पोचायच्या आत जखम काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे. थांबलात तर माझा शब्द नाही."

"वेचणी सरली का जातो," आजी म्हणाल्या. इकडच्या बाया स्वतःला जातो, करतो असंच म्हणतात.

सून उठून उभी राहिली. "कापूस आमी वेचू. तुमच्यासारखा चोखा नाई निघन, पण निघन."

"कचरा भरून आणता तुमी झोळीत."

"आणू. घरी बसून निवडा मंग. पण आंधी यवतमाळले चाला."

आजींनी चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. आणि त्या यवतमाळला गेल्या.

तिथे जखमेभोवतीची चांगली कातडीसुद्धा थोडी घेऊन सगळं कापून काढलं. मांडीची पातळ कातडी त्या जागेवर लावली. काढलेल्या भागाची कड स्वच्छ निघाली, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. जांघेतही काही नव्हतं. अधूनमधून आमच्याकडे तपासणीला मात्र यायचंच.

पहिल्या तपासणीला आजी गाऊन घालून आल्या, वर ओढणी. "पोतं घालून फिरून राह्यली मी गावात," म्हणाल्या. लावलेली कातडी छान धरली होती. मी खूश होऊन वाकले, तर त्यांनी माझ्या कमरेत बोट खुपसलं.

"सैल कर तुही नाडी. पाहू दे मले."

परकराच्या नाडीखाली मला काळा पट्टा होता. चांगला खोल.

"हे काय व्हय वं?"

आजी गेल्यावर मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी दिव्याखाली नीट पाहिलं. नुसता घासल्याचा डाग, म्हणाल्या. जखम नाही, चीर नाही. नाडी सोड, रुंद पट्टी लाव.

मी परकराला रुंद पट्टी शिवून घेतली. कितीतरी दिवस तिची सवय होईना. काम करताना परकर खाली घसरतोय असं सारखं वाटायचं, हात आपोआप कमरेकडे जायचा. त्यानंतर सैल बांधा म्हणून मी कुणाला रागावलेले नाही. सांगते मात्र सगळ्यांना.