मटार सोलताना

आमच्याच इमारतीतल्या मावशींनी पोस्टात तीस वर्षं पत्रं लावली. कोणतं पत्र कोणत्या कप्प्यात, हे त्यांना न बघता कळायचं. आमची इमारत धोकादायक ठरली आणि चोवीस बिऱ्हाडं शहराच्या चार टोकांना विखुरली, तेव्हा सगळ्यांचे नवे पत्ते फक्त मावशींना तोंडपाठ होते. दर रविवारी शाळेमागच्या हॉलमध्ये एकत्र जेवायचं, ही कल्पना त्यांचीच.

"फोनवर माणसं गोड बोलतात," त्या म्हणाल्या. "समोर ताट आलं की खरं बोलतात."

स्वयंपाकाला आम्ही पाचजण होतो. मी एम.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून मला सकाळी आठला बोलावणं असायचं.

"अगं पुस्तकवाली, कांदा चिरतेस की समजून घेतेस?" मावशी म्हणायच्या.

जेवायला वाढताना मावशी मजले पुकारायच्या. "पहिला मजला, मागं व्हा! जन्मभर पाणी तुम्हीच आधी घेतलंत. आज चौथा आधी." सगळे हसायचे. त्या तासाभरात आम्ही पुन्हा शेजारी व्हायचो.

इमारतीची जागा एका कंपनीला हवी होती. सोळा बिऱ्हाडांनी शहराबाहेरची नवी खोली पत्करून सही केली, की उरलेल्यांच्या नकाराला अर्थ नव्हता. सोळा झाली नाहीत, तर इमारत दुरुस्त होणार होती आणि आम्ही घरी परत जाणार होतो. म्हणून कोणी फुटायचं नाही, असं ठरलं होतं. जेवणं त्यासाठीच होती.

कोणाचं मन डळमळतंय, हे मावशी लांबून ओळखायच्या. त्याला शेजारी बसवून पुढ्यात मटार ओतायच्या. हात गुंतले की माणसाला वर बघावं लागत नाही. शिंपीकाका तिथंच म्हणाले, तात्पुरत्या खोलीत उजेड नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. मावशी म्हणाल्या, "धीर धरा हो." पंधरा दिवसांनी शिंपीकाका यायचे बंद झाले. सही करणारे लाजेनं येत नसत. सह्या चौदावर गेल्या.

एका रविवारी मटार माझ्या पुढ्यात आले.

मी बोलले. बाबांचे गुडघे गेलेत. तात्पुरत्या खोलीला तीन जिने आहेत, महिनाभर ते खाली उतरले नाहीत. तळमजल्याची खोली कोणी देऊ केली तर ते नाही म्हणणार नाहीत, अशी मला भीती वाटते. हे मी आईजवळही काढलं नव्हतं. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बुधवारी सकाळी कंपनीचा माणूस आमच्या दारात उभा राहिला. त्यानं नकाशा पसरला.

"काका, खास तुमच्यासाठी तळमजला काढून ठेवलाय. गुडघ्यांना त्रास नको."

बाबांनी चष्मा मागितला. मी चहा गाळून बाहेर आले तेव्हा सही झाली होती.

"पंधरावी," तो म्हणाला आणि कप उचलला.

रविवारी मी सातलाच हॉलवर गेले. मावशी एकट्या तांदूळ धूत होत्या.

"मावशी, त्याला बाबांच्या गुडघ्यांचं कोणी सांगितलं?"

त्यांनी पाणी ओतून टाकलं. दुसरं घेतलं. "तळमजला दिला ना त्यानं?"

"दिला."

"मग? मी बोलले नसते तर चौथा मजला आला असता वाट्याला."

"आणि शिंपीकाका?"

"त्यांना दोन खिडक्यांची खोली मिळाली. मीच मागून घेतली."

"तुम्हाला काय मिळालं?"

"बहीण तिकडंच राहते, तिच्या शेजारची खोली. ती अंथरुणाला खिळलीये, तुला ठाऊक आहे. तिचं करायला तीन बसा बदलून जाते मी."

"तुम्ही सही कधी केलीत?"

"पहिली माझीच गं." त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होत्या. "आपलं पहिलं जेवण झालं, त्याच्या आदल्या आठवड्यात. इमारत जाणारच होती. निदान ज्याला जे हवं ते त्याच्या पदरात पडावं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आवाजात कुठं कचरणं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता.

"मीठ दे," त्या म्हणाल्या. मी दिलं.

अकरापासून माणसं यायला लागली. सही न केलेली आता नऊच बिऱ्हाडं उरली होती. पंधरावी सही कोणाची, ते एकमेकांना विचारत होते. मला सगळं सांगता आलं असतं. पण मावशींचं सांगायचं तर बाबांचंही सांगावं लागलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे बाबा नाही फुटायचे. त्यांना सांग, परत गेलो की पत्ते खेळू."

मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून थेट आली होती. ती मावशींशेजारी बसली. मावशींनी टोपली तिच्याकडे सरकवली. मी भाताचं पातेलं घेऊन दोन पावलांवर होते.

"मुलीची शाळा फार लांब पडते हो, मावशी," ती खाली मान घालून म्हणाली.

तिनं मंगळवारी सही केली.