सुरमईचं डोकं

सुगंधाने गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हा भांडुपच्या त्या अख्ख्या चाळीने तोंडात बोटं घातली. मालवणकडची बाई, माशाशिवाय घास न उतरणारी, आणि माळकरी झाली? कालवणातलं सुरमईचं डोकं तर तिचं हक्काचं. ते चोखत बसली की दारात कोण आलं, कोण गेलं, याचा तिला पत्ता नसायचा.

खरं कारण एकट्या सुगंधाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, पतपेढीचं कर्ज काढून टेम्पो घेतला आणि लॉकडाऊनमध्ये तो उभ्या उभ्या गंजला. टेम्पो भंगाराच्या भावात गेला, हप्ते मात्र राहिले. दत्ताराम विक्रोळीच्या एका गोदामावर रात्रीचा वॉचमन झाला. मासळी आता आठवड्यातून एकदाच यायची, तीही मोजून. सुगंधा जेवायला बसली की हा आपला तुकडा तिच्या ताटात सरकवायचा आणि स्वतः रश्शावर भागवायचा. नको म्हटलेलं ऐकेल तर शपथ! जागरणांनी त्याची गालफडं बसली होती. पण देवापुढे त्याचा हट्ट चालला नसता, म्हणून तिने माळ घातली. कर्ज फिटलं की माफी मागून ही तुझ्या पायाशी ठेवीन, असं तिने देवळातच विठोबाला सांगून टाकलं होतं. देवाशी असा व्यवहार करणाऱ्या बाईला भोळी म्हणावं की बिलंदर, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाच वर्षं ती न चाखता कालवण करत राहिली. मीठ बरोबर आहे का, हे लेकीला, श्वेताला, विचारायची. वासाने तोंडाला पाणी सुटलं की उठून उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी दत्ताराम पतपेढीतून थेट बाजारात गेला आणि अख्खी सुरमई घेऊन आला. सुगंधाने सकाळपासून ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं आणि माळ देवळात ठेवून यायची. ती मासा कापायला बसली.

तेवढ्यात शेजारची शकु डोकावली. इतकी वर्षं मान खाली घालून जिना चढणाऱ्या दत्तारामने आज तिला आग्रहाने बसवलं.

"माझ्या कमाईनं नाय फिटलं, शकु. हिच्या माळेनं फिटलं," तो म्हणाला. "रात्री ड्युटीवर जीव द्यावासा वाटायचा. मग म्हणायचो, घरात ही देवाचं करतेय ना, तो बुडवायचा नाय आपल्याला."

त्याने डोळे पुसले. जीव द्यायचं हा सुगंधाजवळ कधी बोलला नव्हता. आता त्याला काय सांगायचं, की त्यात देवाचं काही नव्हतं, मी फक्त मासा वाचवत होते? तिला रडू आलं. दत्तारामला वाटलं, आनंदाचं.

जेवताना त्याने विचारलं, तुला कधी खावंसं नाही वाटलं? सवय झाली, असं म्हणून तिने भातावर वरण ओतून घेतलं.

पातेल्यात डोकं तसंच राहिलं. तिच्याशिवाय घरात ते कोणी खात नसे.

"मांजराला घाल ते," हात धुता धुता दत्ताराम म्हणाला.

तिने ते जिन्याखाली नेऊन ठेवलं. मांजराचं खाऊन होईपर्यंत ती माळ मुठीत धरून तिथेच उभी राहिली.