ढोलीसमोरचा उन्हाळा

त्या वर्षी मी दिल्लीतल्या राजेंद्र नगरमधली भाड्याची खोली सोडून आर. के. पुरमला ताईकडे राहायला आले होते. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला होता आणि यादीत मी नव्हते. पुन्हा बसायचं नाही, हे ठरलेलं होतं. लातूरला परत जायचं, तर जाऊन काय करायचं ते ठरत नव्हतं. ताई म्हणाली, "थोडे दिवस राहा इथे. झोप काढ. घाई कसली आहे?" ताई आणि दाजी दोघंही सरकारी नोकरीत. सकाळी एकामागोमाग दोघं बाहेर पडत, आणि मग त्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये मी आणि पंख्याचा आवाज एवढेच उरत असू.

माझी भाची तेव्हा सात वर्षांची होती. ती चालायची नाही, धावायचीच. जेवताना खुर्चीवर उभी राहायची, आणि झोपेतसुद्धा घड्याळाच्या काट्यासारखी फिरत सकाळपर्यंत उशीकडे पाय करून पडलेली असायची. कॉलनीच्या पार्कात मुलांची एक पैज चालायची. झोका उंच गेला की वरूनच उडी मारायची, आणि जो लांब पडेल तो जिंकला. एप्रिलच्या एका संध्याकाळी ही सगळ्यांत लांब पडली. जिंकली, पण उठता येईना. नडगीच्या हाडाला बारीकशी चीर गेली होती. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि तिच्याकडे बघत ताईला सांगितलं, "पैर ज़मीन पे बिल्कुल नहीं रखना है." येताना गाडीत भाची अगदी खुशीत होती. प्लास्टरवर कोण काय चित्र काढणार, याची ती वाटणी करत होती.

ती खुशी दोन दिवस टिकली. रंगपेट्या संपल्या, कोडी सुटली, कार्टून बघून डोळे चुरचुरायला लागले. खेळायला आलेल्या मैत्रिणी थोडा वेळ बसून पार्कात पळून जात आणि त्यांचा आवाज खिडकीतून वर येत राही. मग ती उशी फेके, मग रडे. "मावशी, पाय आतून खुजलतोय," ती म्हणायची. "खाजतोय म्हण," मी म्हणायचे. "तसं म्हटलं की बंद होईल का?" असं विचारून ती माझ्याकडे खरंच उत्तराच्या आशेने बघायची. एकदा मी भाजी चिरत असताना मागे धप्प आवाज झाला. ती एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती आणि चौकटीला धरून धापा टाकत हसत होती. तिला उचलून आणताना वाटलं, हिला बसवून ठेवायचं तर हिच्या डोळ्यांना तरी कुठेतरी जाऊ दिलं पाहिजे.

म्हणून आम्ही तिचा दिवाण ओढत मागच्या बाल्कनीच्या दारात नेला. तिथे सावली होती, आणि समोर एक जुना, वाकडा शिरीष होता. एप्रिलमध्ये तो फुलला होता. फिक्या, धुरकट पिसांसारखी फुलं, आणि दिवस कलला की त्यांचा वास घरात येई. पहिले दोन दिवस तिने नुसत्या खारी मोजल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हळूच म्हणाली, "मावशी, इकडे ये. झाड खातंय."

मी जाऊन बसले. घारीएवढा एक करडा पक्षी, मोठ्या वाकड्या चोचीचा, शिरीषाच्या खोडाला नखं रोवून लटकला होता. खोडाला जिथे एक गाठ होती तिथे तो चोच नेत होता, मान मागे झटकत होता, घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणत होता आणि ते फळ खोडात नाहीसं होत होतं. पुन्हा एक फळ. पुन्हा नाहीसं. खरंच झाड त्याच्या चोचीतून खात होतं. मग तो उडून गेला, आणि मी नीट बघितलं तेव्हा त्या गाठीत एक अरुंद फट दिसली. फटीतून दुसऱ्या एका चोचीचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं.

तो धनेश होता. त्याच्याविषयी मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चार पर्यायांपैकी योग्य पर्यायावर खूण करण्यापुरतं सगळं मला येत होतं. हे पक्षी दिल्लीत राहतात, आपल्या घरामागे राहतात, हे मात्र माहीत नव्हतं. भाचीला मी सांगितलं, आत मादी आहे. अंडी घालायची वेळ आली की ती ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. फक्त चोचीएवढी फट ठेवते. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. तो आणून देईल तेच खाते.

तिने आपल्या पायावरच्या पांढऱ्या प्लास्टरवर बोट फिरवलं. "तिने स्वतःच लावून घेतलं?"

"हो."

"कोणी सांगितलं पण नाही?"

"नाही."

"अजीब आहे," ती म्हणाली, आणि पालथी पडून हनुवटीखाली हात घेऊन बघत राहिली.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. ऊन वाढत गेलं. सकाळी नर आला की आम्ही दोघी बाल्कनीच्या दारात. दुपारी गरम वारा सुटला की दार लोटून घ्यायचं, कूलर लावायचा. त्याच्या ओल्या गवताचा वास आणि घरघर खोलीत भरून राहायची. एकदा ती म्हणाली, "मला पण ढोलीत जायचंय." मग दिवाणाच्या कडेला आम्ही चादर बांधली आणि तिला एक फट ठेवली. मी बाहेर बसून फटीतून एकेक द्राक्ष आत द्यायचे. लहान बोटं येत, द्राक्ष घेत, आत जात. आतून ती विचारायची, "आता बाहेर काय आहे?" मी सांगायचे: समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या वाळत घातल्यात. पाण्याच्या टाकीवर कबुतर बसलंय. आइस्क्रीमवाला झाडाखाली सायकल लावून झोपलाय. हळूहळू मी नसलेलंही सांगायला लागले. टाकीतून एक नदी निघालीये, ती रस्त्यावरून वाहतेय, बसेस तिच्यात तरंगत चालल्यात. "कुठे चालल्यात?" आतून झोपाळू आवाज यायचा. "लातूरला," मी म्हणायचे. "मग वाटेत आपल्याला घेतील," ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने चादरीआडून तिचा संथ श्वास ऐकू यायचा. त्या वर्षी नीट झोप अशी मला तिथेच, त्या चादरीला टेकून लागली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा उठल्यावर काही आठवून दचकायला झालं नाही.

एकदा झोपेत आहे असं वाटत असताना ती म्हणाली, "मावशी, तू फेल झालीस ना?"

"हो."

"मग आता तुला काय करायला लागेल?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरेपर्यंत आत राहा," ती म्हणाली आणि चादर उचलून सरकली. मी आत शिरले. पिवळसर उजेड होता, द्राक्षांचा आंबूस वास होता. आम्ही दोघी फटीतून बाहेर बघत पडून राहिलो.

मे महिन्यात एका दुपारी आंधी आली. दिल्लीत ती अशीच येते. आधी सगळं थांबतं, मग आकाश मातीच्या रंगाचं होतं आणि मग एकदम दारं आपटायला लागतात. आम्ही खिडक्या लावल्या. काचेपलीकडे शिरीष दिसेनासा झाला. कडाड आवाज झाला आणि भाचीने माझा हात घट्ट धरला. वादळ ओसरल्यावर बघितलं तर शिरीषाची एक मोठी फांदी खाली आडवी पडली होती. खोड उभं होतं. फट होती. नर मात्र आला नाही.

संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. फटीतून चोच बाहेर यायची, थांबायची, आत जायची. भाचीने दूध घेतलं नाही. "ती उपाशी आहे," एवढंच ती म्हणाली. ऑफिसला निघालेल्या ताईने तिला जवळ घेतलं. "अगं, येईल तो. रस्ता चुकला असेल." भाची म्हणाली, "आई, त्याला रस्ता माहितीये." ताईने माझ्याकडे बघितलं.

ताई आणि दाजी गेल्यावर भाची म्हणाली, "मला खाली घेऊन चल." मी तिला पाठुंगळी घेतलं. प्लास्टरचा पाय माझ्या कमरेवर आपटत होता, एका हातात तिने द्राक्षांची वाटी धरली होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी भिंतीला टेकून थांबत होते. कितीतरी दिवसांनी ती खाली येत होती, पार्कातली मुलं ओरडत धावत आली, पण तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर फट दिसतच नव्हती. पडलेल्या पानांचा आणि धुळीचा वास होता. तिने बुंध्याशी द्राक्षं ओतली. मग गाल माझ्या मानेवर टेकला. तिचं रडणं मला कानांनी कळलं नाही, पाठीला कळलं.

आम्ही किती वेळ तशा उभ्या होतो, सांगता येणार नाही. माझे हात बधिर झाले होते. मुलंही एव्हाना गप्प होऊन वर बघत होती. आणि मग पार्कापलीकडच्या पिंपळाच्या बाजूने ती ओळखीची, जड पंखांची फडफड आली. तोच होता. शेपटीचं एक लांब पीस मोडून लोंबत होतं, उतरताना तोल जात होता. त्याने खोडाला नखं रोवली, मान मागे झटकली. वर, आम्हाला न दिसणाऱ्या फटीत, फळ पोचलं असावं, कारण त्याने लगेच दुसरं काढलं.

"आया," पार्कातली एक मुलगी पुटपुटली. भाचीने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "मावशी, मला भूक लागली."

महिनाअखेरीस तिचं प्लास्टर कापलं. आतला पाय बारीक निघाला, पांढुरका, सोललेल्या काठीसारखा. तिला तो परक्याचा वाटला असावा. जमिनीवर ठेवायला तयारच होईना. माझी ओढणी मुठीत धरून ती पलंगापासून दारापर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी दारापासून जिन्यापर्यंत. त्यानंतर ओढणी सुटली, आणि पुढच्या आठवड्यात पार्कातून तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायला लागला.

अशाच एका सकाळी, मी एकटीच बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना ढोलीचं लिंपण फुटलं. मादी बाहेर आली. कोंडलेली, पिसं मळलेली, उन्हात डोळे मिचकावणारी. जवळच्याच फांदीवर जाऊन ती बसली आणि बसूनच राहिली, जणू एवढ्या उजेडाचं काय करायचं ते तिला ठरवायचं होतं. मी कठड्यावरून वाकून भाचीला हाक मारली. खाली घसरगुंडीवरून तिने वर बघितलं, दुधासाठी बोलावतेय असं तिला वाटलं. "पाच मिनिटं, मावशी," असं ओरडून ती पळाली. मी पुन्हा हाक मारली नाही. मादीने पंख उघडून बघितले, मिटले, आणि मग पिंपळाच्या दिशेने खाली-वर होत निघून गेली.

त्याच पावसाळ्यात मी लातूरला परतले. आता तिथे शाळेत शिकवते. भाची माझ्याएवढी उंच झाली आहे आणि आमच्याकडे सुट्टीत आली की गच्चीवर झोपते. गेल्या वेळी मी तिला विचारलं, धनेश आठवतो का. ती म्हणाली, पक्षी तेवढा आठवत नाही, पाय दुखल्याचंही नाही. "मला ना मावशी, आतलं आठवतं," ती म्हणाली. "अंधार, आणि बाहेरून तू सांगत असायचीस, बसेस कुठे चालल्यात ते." मग कूस बदलून तिने माझ्या अंगावर पाय टाकला, आणि मी तो तसाच राहू दिला.