मुकी बाजू

सांबर मेलं त्या दिवसापासून दिगंबर मडावीच्या घशाखाली घास उतरेना.

दवाखान्यात दाखवून झालं. घशात दुर्बीण घालून पाहिलं, काही निघालं नाही. पाणी उतरे, चहा उतरे. भात मात्र तो चावत राही, चावत राही आणि शेवटी मोरीत जाऊन थुंकून येई. बायको इंदुबाई ताट झाकून ठेवी. सदरा त्याच्या खांद्यांवरून घसरायला लागला होता.

दिगंबर मूळचा गडचिरोलीकडचा. गावाच्या तीन बाजूंना जंगल. तरुणपणी पुण्याला आला तो खोदकामावर. टेलिफोनची तार, पाण्याचा पाइप, ड्रेनेज, नंतर त्या काळ्या केबल. या शहराच्या पोटात जे गेलं त्यातलं बरंच त्याच्या टिकावानं गेलं. चर दोरीत हवा, तळ सपाट हवा, माती एकाच अंगाला पडायला हवी. बुजवताना थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग पुढचा थर. बाकीचे एकदम माती लोटून घरी जात आणि पावसाळ्यात त्यांचे चर खचत. दिगंबरचा चर खचला असं कुणी म्हणालं नाही. आता गुडघे गेले म्हणून तो घरी होता. तळजईच्या उतारावर दोन खोल्या, त्यात तो, इंदुबाई आणि मुलगा सुदर्शन. सुदर्शन मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवायचं काम करतो.

ते सांबर सकाळी टेकडीवरून खाली आलं. सिंहगडाच्या रानातून वाट चुकलं असावं, असं नंतर लोक म्हणाले. दिगंबर चहाचा कप घेऊन तिठ्यावर बसला होता. जनावर दिसायच्या आधी त्याला खूर ऐकू आले. डांबरावर खुरांचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. मागोमाग माणसं, गाड्या, हॉर्न, वर धरलेले फोन.

तिठ्याला तीन वाटा. एक मोठ्या रस्त्याकडे, एक खालच्या सोसायटीकडे, एक पुन्हा टेकडीवर. मोठ्या रस्त्यावर गेलं तर बसखाली येणार. दिगंबर त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला, तळवा गालाशी लावला आणि त्यानं हाकारा दिला.

गावाकडे बंदी असतानाही वर्षातून एकदा पारध निघे. दिगंबर तिच्यात हाकाऱ्या होता. हाकाऱ्याचं काम सोपं वाटतं, तसं नाही. सगळीकडून ओरडायचं आणि एक बाजू मुकी ठेवायची. जनावर त्या मुक्या बाजूला जातं. गावाकडे मुक्या बाजूला जाळं आणि भाले असत. इथे दिगंबरला टेकडीची बाजू मुकी ठेवायची होती. सांबर आल्या वाटेनं परत जावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

इतक्या वर्षांनीही आवाज पूर्ण निघाला. लोकांना तो आवडला. सगळ्यांनी तोच सूर धरला. गॅलऱ्यांतून लोक ताटं वाजवायला लागले. सांबरानं मान वळवली, टेकडीकडे चार ढांगा टाकल्या.

तेवढ्यात टेकडीच्या रस्त्यानं मोटरसायकली उतरल्या. वरून चांगलं दिसेल म्हणून ती पोरं लांबून वळसा घालून आली होती. सगळ्यांत पुढे सुदर्शन, एका हातात फोन.

मुकी बाजू बोलली. सांबर फिरलं, सोसायटीच्या फाटकातून आत गेलं, गाड्यांच्या मधून भिंतीवर आदळलं, उभं राहिलं आणि खाली बसलं. वनखात्याची माणसं बेशुद्धीच्या औषधाची बंदूक भरून पुढे येईपर्यंत ते आडवं झालं होतं. तोंडाला फेस. आडवं पडूनही त्याचे पाय पळत होते. मग थांबले.

त्याला गाडीत घालून नेलं आणि जाळलं. माणसं आपापल्या घरी गेली. काहींनी कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. सुदर्शनचा व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला.

त्याच संध्याकाळी दिगंबरनं ताटावर बसून पहिला घास उचलला आणि त्याला खूर ऐकू आले. डांबरावर. आधी गल्लीत, मग खाली, मग वळून पुन्हा गल्लीत.

"कोण पळून राहिलं?" त्यानं विचारलं.

"कुठं काय?" इंदुबाई म्हणाली. "जेवा."

तेव्हापासून असंच. घास उचलला की खूर.

कारण त्याला ठाऊक होतं, पण सांगायला बरेच दिवस लागले. इंदुबाईनं एकदा बाजारातून बकऱ्याचं काळीज आणलं. आजारी माणसाला ताकद येते म्हणून. ते पिशवीतून निघताना पाहून दिगंबर म्हणाला, "आम्ही जनावर आधी घरी नव्हतो आणत."

"म्हणजे?"

"पडलं तिथंच काळीज काढायचं. निखाऱ्यावर भाजायचं, मीठ लावायचं, पळसाच्या पानावर ठेवायचं. ज्यानं पहिली हाक दिली त्यानं पहिला घास घ्यायचा. मग जे जे धावले त्यायनं."

"वीस माणसाईत एक काळीज?"

"बोटाच्या पेरायेवढं येई. पोट भराले नाही खात. बाप म्हणे, आपण खाल्लं म्हणजे जनावराले समजते का पारध सरली. नाही खाल्लं तर ते पळतच राहते."

इंदुबाईनं पिशवी खाली ठेवली. "ते तर जाळलं. आता कुठून आणाल?"

"एकदा पुरात वाहून गेलं होतं. तेव्हा बापानं शेवटच्या खुराची माती घेतली. मीठ घालून एकेकाच्या जिभेवर ठेवली. संगं घरच्या बकऱ्याचं काळीज भाजलं."

"इथं कुठं माती? सगळीकडे त्या विटा बसवल्या हायेत."

"विटेखाली काय हाये ते मले ठाऊक हाये," दिगंबर म्हणाला.

सुदर्शन दारात बूट काढत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुले बी यावं लागन," बाप म्हणाला. "मुक्या बाजूले तूच होता."

"बाबा, प्लीज. दिवसभर लोकांना गरम जेवण पोचवतो आणि घरी येऊन माती खाऊ? रेटिंग किती देऊ तिला?"

"पोट्ट्या, जेवतो तरी का तू? तुह्यं ताट पाहिलं नाही मी इतक्यात."

"बाहेर खातो मी," सुदर्शन म्हणाला आणि आत गेला. त्याच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं. इंदुबाईनं ते पाहिलं, दिगंबरनंही पाहिलं.

रविवारी दुपारी दिगंबर निघाला. घमेल्यात कोळसा, मिठाची पुडी, काळीज, टेकडीवरून आणलेली पळसाची पानं. खांद्यावर पहार आणि सळई. सोसायटीचा रखवालदार जेवून पेंगला होता.

जागा शोधावी लागली नाही. तो भिंतीपाशी बसला. आधी सळईनं फटींतली वाळू खरवडली. पहिली वीट सगळ्यांत अवघड. चारी बाजूंनी शेजारणी तिला धरून असतात. जोर लावला तर कोपरा उडतो. दोन्हीकडून थोडं थोडं हलवावं लागतं, दात हलवतात तसं. घाम डोळ्यांत आला. उपाशी अंगात पूर्वीचा जोर नव्हता. बऱ्याच वेळानं वीट वर आली, कोपरे शाबूत.

"कुठली लाइन टाकताय?"

मागे सोसायटीचे सेक्रेटरी लेले उभे होते. बनियन, लेंगा, हातात चष्मा.

"लाइन नाही जी."

"मग? पेशव्यांचं गुप्तधन का? रविवारी दुपारी आमच्याकडे पोस्टमनलाही मज्जाव आहे, माहीत नसेल आपल्याला."

दिगंबरनं खोटं शोधलं नाही. सांबराचं सांगितलं, हाकाऱ्याचं सांगितलं, खुरांचं सांगितलं. सांगताना हात थांबवला नाही. वरची बारीक खडी बाजूला केली, मग मुरूम. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा काळी माती लागली.

"पण ते वर पडलं होतं," लेले म्हणाले. "या मातीला त्याचा पाय कुठे लागला?"

"भार खाली जाते," दिगंबर म्हणाला. "गाडी वरून जाते आन् पाइप खाली फुटते. जन्मभर तेच पाहिलं."

लेल्यांनी चष्मा लावला, काढला. घमेल्यात पेटवून ठेवलेले कोळसे फुलले होते. दिगंबरनं काळजाचे तुकडे निखाऱ्यावर ठेवले. चर्र आवाज झाला, वास आला. एक तुकडा त्यानं पानावर भिंतीशी ठेवला. दुसऱ्याला चिमूटभर माती लावली, मीठ लावलं आणि तोंडात टाकला.

त्यानं चावला. फाटकाबाहेर खूर वाजत होते. त्यानं डोळे मिटले आणि गिळला.

गेला.

तो तसाच बसून राहिला. नंतर दुसरा तुकडा खाल्ला, तिसरा खाल्ला.

"मी ताट वाजवत होतो," लेले एकदम म्हणाले. "गॅलरीतून. चमच्यानं. बायको म्हणाली, किती छान ठेका धरलाय." त्यांनी चष्मा बनियनला पुसला. "तेव्हापासून रोज जेवताना खालून टकटक ऐकू येते. मला वाटलं, पाण्याच्या टाकीचा पंप आहे. प्लंबरला दोनदा बोलावलं."

दिगंबरनं वर पाहिलं.

"मग घ्या तुमी बी."

"आम्ही खात नाही ते."

"माती आन् मीठ चालन."

लेल्यांनी वर गॅलऱ्यांकडे नजर टाकली. सगळी दारं बंद होती. त्यांनी तळवा पुढे केला, जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून गिळलं.

"वीट नीट बसवा," ते म्हणाले. "आणि हे घमेलं विझवून न्या." पण वीट बसून, फटींत वाळू भरून, दिगंबरनं वरून पाय देऊन पाहीपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

त्या संध्याकाळी दिगंबरनं भात खाल्ला. थोडाच, पण खाल्ला. इंदुबाई समोर बसून प्रत्येक घास पाहत होती.

"थांबलं का?" तिनं विचारलं.

त्यानं कान दिला. गल्लीत काही नव्हतं. पण दूर, टेकडीच्या रस्त्यावर, खूर होते. बारीक, थकलेले. त्याच्यासाठी नव्हते आता ते, हे त्याला कळत होतं. तिठ्यापर्यंत येत आणि वळून पुन्हा वर जात. मुक्या बाजूला.

"माह्यं थांबलं," तो म्हणाला.

उरलेली माती त्यानं कागदात बांधून देवळीत ठेवली होती. पानात गुंडाळलेला काळजाचा एक तुकडाही होता. त्यानं सुदर्शनला हाक मारली नाही. हाका एकदा मारून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मोटरसायकल दाराशी आली. इंजिन बंद झालं, पण सुदर्शन आत येईना. इंदुबाईनं दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हेल्मेट डोक्यावर, पाठीवर जेवणाची पेटी. मान टेकडीच्या रस्त्याकडे.

"ऑर्डर देऊन येतोय," तो म्हणाला. "वरच्या रस्त्यानं. गाडीच्या मागे…" त्यानं हेल्मेट कानांवर दाबलं. "बाबा, हेल्मेट घातलं तरी ऐकू येतं."

दिगंबर गुडघ्यावर हात देऊन उठला. देवळीतून कागद घेतला, पान घेतलं.

"किती दिस झाले?"

"तुमच्याएवढेच."

"सांगतलं नाही तू."

"तुम्हीसुद्धा नाही सांगितलंत."

बापानं चिमूट काढली, मीठ मिसळलं आणि थंड तुकड्याला लावलं.

"पेटी उतरव आधी," तो म्हणाला. "आन् हेल्मेट काढ. खातानी डोकं उघडं पाह्यजे."

सुदर्शननं पेटी उतरवली. हेल्मेटचा पट्टा त्याच्या बोटांना सुटेना. इंदुबाईनं पुढे होऊन तो सोडला. खूर तिठ्यावर आले होते. या वेळी ते वर वळले नाहीत. गल्लीत शिरले, जवळ जवळ येत गेले आणि दाराबाहेर, मोटरसायकलपाशी, थांबले.

"मागं पाहू नको," दिगंबर तुकडा त्याच्या जिभेवर ठेवत म्हणाला. "चाव."