कसबा बावड्यात श्वास पाहताना

पुण्याहून निघालेली आमची गाडी कोल्हापुरात शिरली आणि उसाच्या मळीचा आंबूस वास आला. मी नाकाला पदर लावला. अरुणने, माझ्या नवऱ्याने, खिडकी आणखी उघडली. गाव त्याचं. लग्नानंतर माझ्या नोकरीसाठी आम्ही पुण्यात राहिलो.

कसबा बावड्यात, साखर कारखान्यापलीकडच्या नव्या वसाहतीत योगशिबिर होतं. निवृत्तीनंतर दिवसभर घरात असूनही आम्ही कामापुरतंच बोलायचो, म्हणून मीच नावं नोंदवली होती.

शिकवणाऱ्या ताई रोखठोक होत्या. ‘श्वास ओढू नका, त्यो येतोयच की. नुसता बघा.’

पहिल्याच शवासनात अरुण घोरू लागला. शेजारच्या आजोबांनी त्याला हलवलं. ‘पावणं (पाहुणे), घोरायचं घरला जाऊन.’

सगळे हसले. ‘मी इथलाच आहे,’ अरुण हळूच म्हणाला.

दुपारी मऊ मुगाची खिचडी आणि ताक मिळालं. वाऱ्यावर उसाची पाती सळसळत होती. डोळे मिटले की इतक्या वर्षांत प्रथमच माझा श्वास मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी जोड्या समोरासमोर बसवल्या. ‘श्वास शांत झाला, की मनात असंल ते बोला. सजवून न्हाय.’

अरुणने मांडी सावरली. मग म्हणाला, ‘मला हितनं जायाचंच नव्हतं.’

घरात तो कधीच असं, गावच्या बोलीत, बोलत नसे.

‘मग तेव्हा बोलला का नाहीस?’

‘तुझी नोकरी गेली असती. आन् तूबी इचारलं न्हाईस की.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी आम्ही शिवाजी पेठेत गेलो. ज्या तालमीकडून (मंडळाकडून) तो फुटबॉल खेळायचा, तिच्या कट्ट्यावर त्याचा जुना सोबती बसला होता. त्याने ओळखायला वेळ घेतला. मग मिठी मारली आणि विचारलं, ‘जाणार कवा?’

‘उद्या,’ अरुण म्हणाला.

परतताना मी म्हटलं, ‘राहूया का इथे थोडे दिवस?’

‘कुणाकडं? घर इकलं. निम्मे मैतर (मित्र) गेले.’ तो हसला, पण मान वळवून.

आता पुण्यात रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसतो. श्वास संथ झाला की तो त्याच्या बोलीत बोलायला लागतो. एखादा शब्द अडतो, मी अर्थ विचारते, तो सांगतो. तसं बोलताना तो वेगळाच दिसतो, मोकळा, थोडा खट्याळ. या माणसाबरोबर संसार करायचा राहूनच गेला.