घराला गोधडी

कुणाच्याही घरात शिरला की आबा आधी तळहात छताकडे धरायचा. मग म्हणायचा, "घरले थंडी वाजी ऱ्हायनी." माणसांची चौकशी त्यानंतर, आठवली तर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लोक त्यांना हसतात आणि अडलं की बोलावतात.

आबा धरणगावात आमच्या शेजारी राहायचा, कापसाच्या जिनात कामाला जायचा. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, छताचं चांगलं जाड मातीचं धाबं पाडून पत्रे घातले. गल्लीत पहिले पत्रे आमचे. लोक बघायला यायचे. पौषात मला आठव्या महिन्यात मुलगी झाली, वीतभर. पत्र्यांखाली खोली गारठलेली. आधीचं एक मूल थंडीतच गेलं होतं.

आबा आला, हात वर केला.

"आबा, पोरीला बघा आधी," मी म्हटलं.

"पोरले नंतर दखसू. पह्यले घर." पत्र्यांखाली जिनातला रुईचा कचरा भरू, म्हणाला.

मालक म्हणाले, "नव्या पत्र्यांखाली कचरा भरू? लोक काय म्हणतील?"

"मंग पोरले पत्राच पांघरी दे, भाऊ!"

मालक उठले आणि बांबू आणायला गेले. नवरा कुणाचं ऐकून उठलेला मी तेवढाच पाहिला.

आबाने पत्र्यांखाली माळा केला. बांबूच्या तट्ट्या, त्यावर बाजरीच्या वाळल्या ताटांचं सरमाड, जिनात झाडलेला रुईचा कचरा, मधे किडीसाठी कडुनिंबाचा पाला. मालकांना वाटलं, आपणही हातभार लावावा. वर चढले आणि धाबं तुडवतात तसं सगळं तुडवून सपाट केलं. खोली होती तेवढीच गार.

आबा वर बघून ओरडला, "गोधडीवर कोनी नाचस का? हवा बठ्ठी मरी गयी!"

सगळं उपसून, हातांनी पिंजून, त्याने मधे हवा राहील असं पुन्हा सैल भरलं. दुसऱ्या दिवशी मुलीचे पाय कोमट लागले. ती जगली.

पुढे आबाच्या मुलांनी आमचं बघून त्याचं धाबं पाडलं, पत्रे घातले. आबाला आता वर चढवत नव्हतं. मुलं म्हणायची, "भरू की, आबा," आणि राहून जायचं. त्या थंडीत तो रोज आमच्या खोलीत येऊन बसायचा. हात वर धरायचा. माघात गेला.

तेराव्याला त्याच्या घरी गेलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची. उंबऱ्यातच थांबली आणि सगळ्यांदेखत तळहात छताकडे धरला. आबाची मुलं खाली बघू लागली.

मी तिचा हात खाली ओढला नाही.